चुकलेल्या वाटेवरचा पहिला अर्धा तास

डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द आमच्या देवळालीचा. नोकरी संपवून मायदेशी निघालेले गोरे सोल्जर बोटीची वाट पाहत इथल्या छावणीत मुक्काम करत. बोटींचा हंगाम हिवाळ्याचा. तो हुकला की अख्खा उन्हाळा इथेच. काम नाही, सुटका नाही, वर ऊन आणि हिवताप. त्यातून 'डूलॅली टॅप' हा वाक्प्रचार निघाला आणि त्यातला टॅप म्हणजे आपला साधा ताप. नुसतं थांबून राहिल्याने त्यांची डोकी फिरली. रानात वाट चुकलेल्या एकट्या माणसाचं याच्या उलट होतं. त्याला थांबता येत नाही, म्हणून त्याचं डोकं फिरतं.

एकट्याने रानात शिरणारा पूर्वी बंदूकवाला असायचा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद होत गेली. आता गळ्यात दुर्बीण किंवा कॅमेरा असतो, नाहीतर काहीच नसतं. रेल्वेने लहवीत, अस्वली, पाडळी मागे टाकून घोटीला उतरलं की एका बाजूला 1646 मीटरचं कळसूबाई आणि त्याच रांगेत अलंग-मदन-कुलंग. इकडे त्र्यंबकच्या अंगाला अंजनेरी, हरिहर. यातलं बरंचसं एका दिवसात जाऊन येण्याजोगं. 'संध्याकाळी घरीच यायचंय' या भरवशावरच माणूस बॅटरीसुद्धा न घेता निघतो.

तयारीची सुरुवात पिशवीपासून न करता एका चिठ्ठीपासून करावी. कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि नाही आला तर कितीपर्यंत थांबून कोणाला कळवायचं, हे कागदावर लिहून घरच्यांकडे किंवा शेजाऱ्याकडे द्यायचं. 'ट्रेकला जातोय' एवढ्यावर शोधणाऱ्यांनी कुठला डोंगर धुंडाळायचा? पायथ्याच्या गावातही कुणाला तरी सांगून चढावं. वर धूर दिसला किंवा शिट्टी ऐकू आली, तर त्याचा अर्थ तोच माणूस लावेल.

पिशवीत शिट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी, जादा सेल. पाणी मी हिवाळ्यात 3 लिटर नेतो, एप्रिलमध्ये 5. गूळ-शेंगदाणे, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, चाकू. लायटरला सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी गुंडाळलेली असते. ती ओली झाली तरी पेटते. आणि सगळ्यात हलकी, सगळ्यात उपयोगी चीज म्हणजे कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

आता वाट चुकते कशी ते पाहू. एका ऑक्टोबरात कुलंगच्या पायथ्याच्या रानात मी एकटाच होतो. गवत छातीएवढं. मळलेली वाट कधी संपली आणि ढोरवाट कधी लागली, कळलंच नाही. दहा मिनिटांनी शंका आली. पण मन म्हणालं, पुढे मिळेलच. ही खरी चूक. पुढे काही जुळेना, तसा मी भरभर चालू लागलो. दिसेल ती फांदी ओळखीची वाटू लागली, घसा कोरडा पडला, पण पाण्याची बाटली काढायला थांबावंसं वाटेना. अर्ध्या तासाने एका कोरड्या ओढ्यातून उतरत होतो आणि समोरची जमीन संपली. खाली सरळ कडा.

तिथे बसलो, तेही पाय लटपटत होते म्हणून. गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं. तेवढ्यात श्वास बसला आणि डोळे पुन्हा बघायला लागले. आल्या वाटेने मागे फिरलो. बऱ्याच अंतरावर शेणाच्या पोवर माझ्याच बुटाची नक्षी उमटलेली दिसली. तिथून मळलेली वाट पन्नासेक पावलांवर होती.

थांबणं, विचार करणं, आजूबाजूला नीट पाहणं आणि मग बेत ठरवणं हा क्रम जगभरचे शोधपथकवाले शिकवतात. त्यातलं अवघड काम पहिलंच, कारण घाबरलेल्या शरीराला पळायचं असतं. म्हणून हातांना काम द्यावं: बूट सोडून पुन्हा बांधावेत, पाणी प्यावं, घड्याळात पाहून अंधाराला किती वेळ आहे ते मोजावं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो. घळीत त्याच्या तासभर आधीच दिसेनासं होतं.

परदेशी पुस्तकांत एक सल्ला हमखास असतो: वाहत्या पाण्याच्या कडेने उतरत जा, वस्ती लागेल. सह्याद्रीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर रचून झालेत. एक उभा कडा, त्याखाली सपाट पदर, पुन्हा कडा. ओढा पदरावरून शांत वाहतो आणि कड्यावरून उडी टाकतो. त्याला धबधबा होता येतं, आपल्याला नाही. उतरायचंच असेल, तर ओढा सोडून सोंडेवर यावं. गावकऱ्यांच्या वाटा बऱ्याचदा सोंडेवरून किंवा खिंडीतून असतात आणि तिथून निदान खालचं दिसतं. याच थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. मुरलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि कड्याच्या पायाशी झिरपतं. हिवाळ्यात पाणी शोधायचं ते तिथे. मार्चनंतर मात्र त्या भरवशावर राहू नये.

अंधार पडला आणि वाट सापडली नाही, तर रात्र तिथेच काढायची. एका रात्रीच्या उपाशीपणाने कोणी मरत नाही. अंधारात कडा उतरताना मरतात. खरा शत्रू म्हणजे ओले कपडे आणि वारा, पावसाळ्यातसुद्धा. वाऱ्याच्या आड बसावं. एका काळ्या पिशवीत सुका पाला भरून तिच्यावर बसायचं, कारण कातळ अंगातली ऊब ओढून घेतो. दुसरीत पाय घालून ती छातीपर्यंत ओढायची. डोकं बाहेर ठेवायचं. जाळ करायची वेळ आलीच, तर उघड्या कातळावर आणि चहूबाजूंचं गवत उपटूनच. जानेवारीनंतर एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो आणि वणवा तुमच्यापेक्षा जोरात चढ चढतो.

मोबाइल रेंज शोधत राहिला की बॅटरी संपवतो. तो विमान-मोडवर ठेवून तासातासाने उंचवट्यावर चालू करावा. कॉल लागला नाही तरी एसएमएस कधी कधी जातो. 112ला आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसरीच्या टॉवरवरून फोन लागू शकतो. परदेशी लोक उपग्रहावरून निरोप देणारं यंत्र वापरतात, पण आपल्याकडे परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं गुन्हा आहे. छावणीच्या गावात तर त्याचं नावही नको. शिट्टीला परवाना लागत नाही: मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. तीनदा उत्तर आलं, तर कोणीतरी ऐकलंय.

जनावरांची भीती लोकांना फार. मला सगळ्यात जास्त भीती आग्या मोहोळाची वाटते. कड्याखाली अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. बिबट्या आमच्याकडे दारणाकाठच्या उसातही असतो. समोर आला, तर वाकू नये, पळू नये. हात वर करून मोठं दिसत, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकावं. फुरसं दगडाखाली असतं, म्हणून न बघता हात घालायचा नाही. चावलंच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. अंगठी काढा, तो हात-पाय हलू देऊ नका आणि 108ला फोन करून दवाखाना गाठा.

देवळालीकरांना एक वेगळं सांगणं आहे. बहुला किल्ला तोफखान्याच्या सरावक्षेत्रात येतो. तिकडे परवानगीशिवाय जाऊ नये आणि जमिनीत रुतलेलं लोखंड दिसलं, तर बुटाच्या टोकानेही ढोसू नये.

खाली उतरून गावात चहा मिळाला की तो पिण्याआधी चिठ्ठीवाल्याला फोन करावा. मी एकदा विसरलो. घरी पोचलो तेव्हा शेजारचे काका गमबूट घालून, कंदील भरून फाटकात उभे होते.