राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आणि अमेरिकेतील राजकीय चर्चा-नभोवाणीची श्रोतृसंख्या : एक विवेचन

प्रास्ताविक

निवडणूक आणि प्रसारमाध्यमे यांच्या संबंधांचा विचार करताना माध्यमांचा मतदारांवर कोणता प्रभाव पडतो, हा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार हाताळला आहे. त्याच्या उलट दिशेचा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. उमेदवाराचा माध्यमाच्या श्रोतृसंख्येवर कोणता परिणाम होतो, हा तो प्रश्न होय. खासगी माध्यमांचे उत्पन्न जाहिरातींवर आणि जाहिरातींचा दर श्रोतृसंख्येवर अवलंबून असतो. त्यामुळे कोणता उमेदवार श्रोते आणतो, यावरून त्या माध्यमाचे आर्थिक हित कोठे आहे हे कळते. आणि आर्थिक हित कळले की त्याच्या राजकीय भाषेचाही उलगडा होऊ लागतो.

या दृष्टीने अमेरिकेतील राजकीय चर्चा-नभोवाणी, म्हणजेच तेथील ‘टॉक रेडिओ’, हे अभ्यासास योग्य उदाहरण आहे. भारतीय वाचकास हा प्रकार अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानेही खासगी एफएम केंद्रांना केवळ आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रसारित करण्याची मुभा दिली. स्वतःच्या राजकीय चर्चेची दिली नाही. अमेरिकेत मात्र एकच सूत्रसंचालक रोज तीन तास उघडपणे पक्षीय भूमिका मांडतो, श्रोत्यांचे दूरध्वनी घेतो आणि त्यावर शेकडो केंद्रांचा व्यवसाय चालतो.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) चर्चा-नभोवाणीच्या उदयाची कारणे व श्रोतृमापनाची पद्धत स्पष्ट करणे.
२) राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार श्रोतृसंख्येवर कोणत्या मार्गांनी परिणाम करतात, हे तपासणे.
३) श्रोतृसंख्येच्या गरजेचा सूत्रसंचालकाच्या स्वातंत्र्यावर होणारा परिणाम पाहणे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९४९ मध्ये ‘न्याय्यता तत्त्व’ स्वीकारले. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांना प्रसारणात स्थान द्यावे आणि परस्परविरोधी मतांना वाव द्यावा, असे बंधन त्यानुसार केंद्रांवर आले. १९६९ मध्ये रेड लायन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व वैध ठरविले. पुढे १९८७ मध्ये त्यास कायद्याचे रूप देणारे विधेयक काँग्रेसने संमत केले. परंतु राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोगाने तत्त्वाची अंमलबजावणी थांबविली.

याच काळात तांत्रिक बदलही घडत होते. संगीत ऐकणारा श्रोता अधिक चांगल्या ध्वनीसाठी एफएमकडे वळल्याने जुन्या एएम केंद्रांना नव्या आशयाची गरज भासत होती. उपग्रहामुळे एकच कार्यक्रम देशभर पोहोचविणे स्वस्त झाले. या परिस्थितीत १ ऑगस्ट १९८८ रोजी रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर प्रसारित होऊ लागला. सुरुवातीच्या काळात स्थानिक केंद्रांना तो रोख शुल्काऐवजी जाहिरातीच्या वेळेच्या बदल्यात मिळत असे. त्यामुळे लहान गावातील केंद्रालाही तो परवडू लागला व पुढे सहाशेहून अधिक केंद्रे त्याच्याशी जोडली गेली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या मालकीच्या केंद्रांवरील राष्ट्रीय मर्यादा उठविली. क्लिअर चॅनेलसारख्या कंपन्यांनी त्यानंतर मोठ्या संख्येने केंद्रे विकत घेतली आणि देशव्यापी कार्यक्रमांचा प्रसार अधिक वेगाने झाला.

२. श्रोतृमापनाची पद्धत

श्रोतृसंख्या ‘वाढली’ असे म्हणताना नेमके काय वाढले, हे पाहणे अगत्याचे आहे. मापनाचे मूळ एकक सरासरी पाव तास हे होय. त्या पाव तासात किमान पाच मिनिटे केंद्र ऐकणारी व्यक्ती श्रोता म्हणून मोजली जाई. मीटरद्वारे मापन होणाऱ्या शहरांत २०२५ पासून ही अट तीन मिनिटांवर आली आहे. यावरून दोन भिन्न आकडे काढले जातात. एक, एकूण लोकसंख्येतील प्रमाण. दुसरा, त्या क्षणी नभोवाणी ऐकणाऱ्यांतील वाटा.

समजा, दहा लाख लोकसंख्येच्या शहरात एका पाव तासात एक लाख लोक नभोवाणी ऐकत असून त्यांपैकी आठ हजार लोक विशिष्ट केंद्र ऐकत आहेत. या केंद्राचे लोकसंख्येतील प्रमाण ०.८ टक्के, तर वाटा ८ टक्के होईल. आता एकूण ऐकणारे ऐंशी हजारांवर आले आणि केंद्राचे आठ हजार श्रोते कायम राहिले, तर एकही नवा श्रोता न मिळता त्याचा वाटा १० टक्के होतो. वाट्यातील प्रत्येक वाढीचे श्रेय उमेदवारास देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

दुसरा भेद आठवड्यातील एकूण भिन्न श्रोते आणि प्रत्येकाने ऐकण्यात घालविलेला वेळ यांतील आहे. नवे श्रोते न येताही जुने श्रोते अधिक वेळ ऐकू लागले तर पाव तासाची सरासरी वाढते.

मापनाचे साधनही बदलले आहे. आर्बिट्रॉन ही संस्था निवडक कुटुंबांकडून रोजनिशी भरून घेत असे. तिचे शरद ऋतूतील सर्वेक्षण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या पूर्वार्धापर्यंत चालत असल्यामुळे मतदानापूर्वीचे आणि नंतरचे आठवडे एकाच आकड्यात मिसळत. २००७ पासून फिलाडेल्फिया, ह्यूस्टन व नंतर इतर मोठ्या शहरांत अंगावर बाळगावयाचे मीटर आले. ध्वनीत दडविलेला संकेत ते आपोआप टिपते आणि चार-चार आठवड्यांचे आकडे उपलब्ध होतात. २०१३ मध्ये नीलसन कंपनीने आर्बिट्रॉन विकत घेतली. रोजनिशीत श्रोता आठवणारे नाव लिहितो, तर मीटर प्रत्यक्ष कानावर पडलेले नोंदवितो. सबब १९९२ च्या आणि २०१६ च्या आकड्यांची थेट तुलना शास्त्रशुद्ध ठरत नाही.

३. उमेदवाराच्या परिणामाचे मार्ग

(अ) प्रतिस्पर्धी म्हणून उमेदवार : चर्चा-नभोवाणीचा नियमित श्रोता आपल्या आवडत्या उमेदवाराची स्तुती ऐकण्यापेक्षा नावडत्या उमेदवाराची झडती ऐकण्यास अधिक उत्सुक असतो, असे या व्यवसायाच्या इतिहासावरून दिसते. १९९२ मध्ये लिम्बॉ यांनी जॉर्ज बुश (थोरले) यांना पाठिंबा दिला. बुश यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये मुक्कामास बोलावले. निवडणुकीत बुश पराभूत झाले, परंतु लिम्बॉ यांचा व्यवसाय ओसरला नाही. उलट बिल क्लिंटन यांच्या कारकीर्दीत तो बहरला. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृहात बहुमत मिळविले, तेव्हा नवनिर्वाचित सदस्यांनी त्यांना मानद सदस्य संबोधून गौरविले. यातून एक विसंगती पुढे येते. सूत्रसंचालक ज्या उमेदवारासाठी झटतो, त्याचा पराभव हाच अनेकदा त्याच्या व्यवसायास लाभदायक ठरतो.

(आ) पाहुणा म्हणून उमेदवार : १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीपूर्वी क्लिंटन डॉन आयमस यांच्या सकाळच्या कार्यक्रमात सहभागी झाले. हे केंद्र प्रामुख्याने क्रीडाविषयक होते. अशा मुलाखतींमुळे नवे श्रोते येतात आणि केंद्राचे नाव वृत्तपत्रांत झळकते. मात्र मुलाखत संपताच पाहुणा जातो व त्याच्यासाठी आलेला श्रोताही बहुधा जातो. एकूण श्रोते वाढविण्यास पाहुणा उपयोगी पडतो, ऐकण्याचा वेळ वाढविण्यास प्रतिस्पर्धी.

(इ) पक्षांतर्गत फूट पाडणारा उमेदवार : सर्वांत गुंतागुंतीचा परिणाम येथे होतो. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या उमेदवारीने रूढिवादी सूत्रसंचालकांत दोन तट पडले. शॉन हॅनिटी व मायकेल सॅव्हेज त्यांच्या बाजूने होते, तर ग्लेन बेक आणि मिलवॉकीचे चार्ली साइक्स विरोधात. श्रोते विभागले गेले की सूत्रसंचालकास कोणत्या तरी गटाचा रोष पत्करावा लागतो. आजवर शत्रू बाहेर होता. आता तो श्रोत्यांतच निर्माण झाला.

(ई) सूत्रसंचालक हाच उमेदवार : १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या कलम ३१५ नुसार एका उमेदवारास प्रसारणाची संधी दिल्यास त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनाही समान संधी द्यावी लागते, प्रामाणिक वृत्तकार्यक्रमांना १९५९ पासून सूट आहे. न्याय्यता तत्त्व रद्द झाले तरी हे कलम कायम राहिले. त्यामुळे सूत्रसंचालकास उमेदवार होताना ध्वनिक्षेपक सोडावा लागतो. रेगन यांनी १९७५ मध्ये उमेदवारी जाहीर करताना आपले नभोवाणी-भाष्य थांबविले व १९७६ च्या स्पर्धेनंतर ते पुन्हा सुरू केले. २०१२ च्या निवडणुकीसाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणारे हर्मन केन पूर्वी अटलांटातील केंद्रावर कार्यक्रम करीत. जानेवारी २०१३ मध्ये ते देशव्यापी कार्यक्रम घेऊन परतले. उमेदवारी अयशस्वी झाली तरी तिने मिळवून दिलेली ओळख श्रोतृसंख्येच्या बाजारात मोलाची ठरते.

४. केवळ प्रतिस्पर्धी पुरेसा नाही

उमेदवाराविषयीचा रोष श्रोते आणतो, एवढ्यावरून व्यवसाय उभा राहतो असे नाही. ३१ मार्च २००४ रोजी जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या विरोधाच्या लाटेवर उदारमतवादी ‘एअर अमेरिका’ हे जाळे सुरू झाले. अल फ्रँकन आणि रेचेल मॅडो यांच्यासारखे सूत्रसंचालक त्यात होते. तरीही ऑक्टोबर २००६ मध्ये त्यास दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला आणि जानेवारी २०१० मध्ये ते बंद पडले. भांडवलाची चणचण आणि अनेक शहरांत मिळालेली दुबळी केंद्रे यांचा त्यात मोठा वाटा होता. प्रक्षेपकच क्षीण असेल तर उमेदवार कितीही अप्रिय असला तरी श्रोता केंद्रापर्यंत पोहोचत नाही.

५. श्रोत्यांचा सूत्रसंचालकावरील प्रभाव

सूत्रसंचालक आपल्या श्रोत्यांचे मत घडवितो, असा समज आहे. २००८ च्या घटना त्यास मर्यादा घालतात. लिम्बॉ यांनी जॉन मॅकेन यांना तीव्र विरोध केला, तरी रिपब्लिकन उमेदवारी मॅकेन यांनाच मिळाली. त्याच वर्षी लिम्बॉ यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकांत हिलरी क्लिंटन यांना मत देऊन स्पर्धा लांबवावी, असे आवाहन आपल्या श्रोत्यांना केले. याचा मतदानावरील परिणाम वादग्रस्त आहे. परंतु दुसऱ्या पक्षाची स्पर्धा जितकी लांबेल तितके कार्यक्रमास विषय मिळतात, हे व्यावसायिक सत्य त्यातून स्पष्ट होते.

२०१६ मध्ये प्रभावाची दिशा अधिक ठळकपणे उलटली. विस्कॉन्सिनमधील प्राथमिक निवडणुकीत साइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रम्प यांना विरोध केला आणि तेथे टेड क्रूझ विजयी झाले. पुढे उमेदवारी ट्रम्प यांना मिळाल्यावर श्रोत्यांपैकी अनेकांना साइक्स यांचा विरोध असह्य झाला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपला नियमित कार्यक्रम सोडला. पक्षाने निवडलेल्या उमेदवाराविरुद्ध बोलणे म्हणजे स्वतःच्या श्रोत्यांविरुद्ध बोलणे, असे समीकरण एकदा रूढ झाले की सूत्रसंचालक मतनेता उरत नाही. तो श्रोत्यांच्या मताचा वाहक होतो. मतस्वातंत्र्यावरील हे बंधन कोणत्याही शासकीय आदेशाने आलेले नाही. ते बाजाराने घातलेले आहे.

६. निष्कर्ष काढताना घ्यावयाची दक्षता

नीलसनच्या मीटर-शहरांत २०१६ मध्ये बातम्या-चर्चा हा प्रकार श्रोत्यांच्या वाट्यात अग्रस्थानी होता. तथापि या वर्गात पक्षीय चर्चाकेंद्रांबरोबरच वृत्तप्रधान व सार्वजनिक केंद्रेही येतात. एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीशी संलग्न केंद्रांची साप्ताहिक श्रोतृसंख्या २०१७ मध्ये सुमारे पावणेचार कोटींवर पोहोचली. निवडणूक संपल्यावरही श्रोता टिकून राहिला तो निर्वाचित व्यक्तीविषयीच्या औत्सुक्याने वा चिंतेने, असे येथे संभवते.

२०२० चे वर्ष तर तुलनेसच कठीण आहे. मार्चपासून कोविडमुळे कार्यालयात जाणे-येणे थांबले आणि मोटारीतील श्रवण घटले. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी लिम्बॉ यांचे निधन झाले. सत्तांतर आणि या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या सूत्रसंचालकाची अनुपस्थिती या दोन गोष्टी महिन्याभराच्या आत घडल्याने त्यांचे परिणाम वेगळे करता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जो रोगन यांच्या आणि कमला हॅरिस यांनी ‘कॉल हर डॅडी’ या पॉडकास्टला दीर्घ मुलाखत दिली. हे श्रवण नभोवाणीच्या आकड्यांत येत नाही. उमेदवारामुळे श्रोता वाढला, पण नभोवाणीचा नव्हे, अशी स्थिती आता शक्य आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, उमेदवाराचा श्रोतृसंख्येवरील परिणाम वास्तव आहे. परंतु पाहुणा, प्रतिस्पर्धी, फूट पाडणारा आणि माजी सूत्रसंचालक या भूमिकांनुसार त्याचे स्वरूप बदलते. दोन, दीर्घकालीन लाभ बहुधा प्रतिस्पर्ध्यामुळे होतो. म्हणून पक्षाचे आणि माध्यमाचे हित एकच असते असे मानता येत नाही. तीन, श्रोतृसंख्येवर अवलंबून असलेला सूत्रसंचालक आपल्या श्रोत्यांना न रुचणारे सत्य सांगण्यास क्रमशः असमर्थ होत जातो.

राज्यशास्त्र, वृत्तविद्या आणि संख्याशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हा विषय एकत्र शिकविता येण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांपुढे श्रोतृसंख्येचा आकडा ठेवताना तो प्रमाणाचा की वाट्याचा, कोणत्या साधनाने मोजलेला आणि मतदानापूर्वीचा की नंतरचा, हे प्रश्न विचारण्याची सवय लावणे आवश्यक आहे. आपल्याकडे वृत्तवाहिन्यांवरील चर्चा प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर तोलली जात असताना हे प्रश्न केवळ अमेरिकेपुरते मर्यादित राहत नाहीत.