पाणी गोठण्याआधी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. सकाळचे आठ वाजून गेलेत, तरी अंगणात ऊन उतरलेलं नाही. लेहच्या पश्चिमेला, सिंधूच्या वाहत्या अंगाला शाम नावाचा भाग आहे, त्यातलं हे छोटं गाव. आबी-ले, म्हणजे घरातली आजी, चुलीपाशी बसून लोखंडी कढईत वाळू तापवतेय. वाळू तापल्यावर ती त्यात ओंजळभर जव टाकते. जव तडतडतात, खरपूस वास सुटतो. मग चाळण. वाळू खाली जाते, भाजलेले जव वर राहतात. पुन्हा वाळू, पुन्हा जव. शेजारी तीन पोती उभी आहेत आणि आबी-लेचा हात थांबत नाही.

घाई आहे ती पाणचक्कीमुळे. गावात एकच चालू चक्की उरलीय आणि आज दुपारी या घराची पाळी. ओढा गोठला की चक्की बंद, ती थेट वसंतातच फिरणार. भाजलेल्या जवाचं पीठ, इथलं ङम्फे, चहात कालवून खाल्लं की वेगळं शिजवावं लागत नाही. सरपण जपून वापरायचं असलेल्या घरात ही फार मोठी सोय आहे.

अंगणाच्या कोपऱ्यात आबा-ले, म्हणजे घरातले वडील, आणि त्यांचा धाकटा भाऊ खड्डा साफ करताहेत. छातीइतका खोल, कोरड्या मातीचा. आता बटाटे उतरतात, त्यांच्या पलीकडे गाजरं, मग शलगम आणि मुळा. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, मध्ये मातीचा थर. अमा-ले, म्हणजे आई, काठावर बसून एकेक बटाटा हातात फिरवून बघते. कुदळ लागलेला, डाग पडलेला बटाटा ती बाजूच्या टोपलीत टाकते. तो याच आठवड्यात खायचा. एक सडका आत गेला तर सगळा कप्पा जातो. मीही हात लावते. चार बटाटे मी चांगले म्हणून पुढे करते, त्यातला एक ती परत काढते आणि अंगठ्यानं दाबून मऊ जागा दाखवते.

वरून विलोच्या फांद्या, त्यावर पेंढा, त्यावर माती. एक तोंड मोकळं ठेवून त्यात पेंढ्याचा बोळा कोंबतात. बाहेरचा पारा शून्याखाली वीसपर्यंत गेला तरी खाली गाजर गोठत नाही. जमिनीची ऊब एवढं करते. वीज लागत नाही, पैसा लागत नाही. नीट खोदलेला खड्डा आणि नीट निवडलेला बटाटा लागतो.

गच्चीवर चढले की या घराचा सगळा हिवाळा एका नजरेत दिसतो. कठड्याभोवती लसूणघासाच्या पेंढ्या माणसाच्या उंचीइतक्या रचल्यात. त्यांच्यामागे गोवऱ्या आणि विलोचा फाटा. शलगमाचा पाला दोरीवर सुकतोय, हिवाळ्यातल्या थुक्प्यात हिरवं म्हणून तोच पडणार. जर्दाळू ऑगस्टमध्येच वाळून आत गेलेत. त्यांच्या बियांचं तेल काढायचं अजून बाकी आहे. उन्हाळी कुरणावरून उतरलेल्या झोमोंचं, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातल्या माद्यांचं, लोणी आणि ताकापासून केलेलं, दगडासारखं वाळलेलं छुर्पे कोठारात आहे. दक्षिणेकडच्या खिडक्यांवर नात प्लास्टिक ठोकतेय. ती लेहला शिकते, कामासाठी चार दिवस आलीय. “आचे-ले, तो खिळा द्या,” ती मला म्हणते. आचे-ले म्हणजे ताई. त्या प्लास्टिकच्या आत दुपारचं ऊन कोंडून राहतं आणि खोली संध्याकाळपर्यंत उबदार असते.

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे मे महिन्यात अगोटीची अशीच धांदल असते: सुकट, कुळीथ, आमसुलं, लाकूडफाटा. पण आमचं घर पावसापासून बचाव करतं, तेही तीन हजार मिलिमीटरच्या. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. इथलं शेत वरच्या बर्फाच्या पाण्यावर जगतं आणि वर्षातून एकदाच भरघोस देतं. म्हणून ज्या मोसमात काही उगवत नाही, त्याचा विचार पेरणीच्या दिवसापासून सुरू होतो.

“एवढं पुरेल का?” मी आबी-लेला विचारते. नात भाषांतर करते. आबी-ले पोती मोजून सांगत नाही. ती आधी कोठारातल्या एका बंद कणगीकडे बोट करते: ते बियाणं, त्याला हात नाही. मग गुरांचा चारा, कारण मार्चमध्ये अशक्त झालेलं जनावर नांगराला जुंपता येत नाही. मग लोसारचे, म्हणजे नववर्षाचे, पाहुणे. मग फासपुनमध्ये, म्हणजे एका कुलदैवताच्या घरांच्या गटात, कुणाकडे मर्तिक झालं तर न्यायचं पीठ. उरलेलं घरच्यांचं. हा क्रम ऐकताना मला वाटतं, काटकसर म्हणून याची बोळवण करणं अन्यायाचं आहे. हे नियोजन आहे, आणि ते अनेक पिढ्यांनी तपासून घेतलेलं आहे.

रेशनचा तांदूळ आणि गॅसची टाकीही या घरात आहे, नाही असं नाही. ३,५२८ मीटरवरचा झोजी ला घाट बर्फानं बंद झाला तरी लेहला विमान येतं. पण विमानानं आलेली भाजी महाग असते आणि ती या गावापर्यंत रोज पोचत नाही.

दोन वाजतात. पोती गाढवाच्या पाठीवर चढतात. ओढ्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरलेली आहे, मधलं पाणी मात्र जोरात वाहतंय. चक्कीच्या खोलीत दगड फिरू लागतो, पीठ उडून आबा-लेच्या भुवयांवर बसतं. पहिलं मूठभर पीठ ते माझ्या हातावर ठेवतात. कोमट, गोडसर.

मराठी माणूस लडाखला मे ते ऑगस्टमध्ये येतो, खिंडी आणि तलाव बघून परततो. पुढच्या वेळी ऑक्टोबरच्या शेवटी शाममधल्या एखाद्या होमस्टेत राहा. जर्दाळू बाजारातून न घेता त्याच घरातून विकत घ्या, आणि सकाळी बटाटे निवडायला बसा. हात कमीच पडतात.