मन पाहून पुस्तक

ग्रंथालयातून हौसेनं आणलेलं पुस्तक चार दिवस उशाशी पडून राहतं आणि पाचव्या पानापुढं सरकत नाही, हा अनुभव तुम्हांलाही असेल. आपण दोष पुस्तकाला देतो, नाही तर स्वतःच्या आळसाला. पुष्कळदा दोष दोघांचाही नसतो; वेळ चुकलेली असते.

'आता काय वाचू?' असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, 'झोप कशी लागते?' समोरचा हसतो. पण मी चेष्टा करत नसतो. दिवसभराच्या कामानं डोकं शिणलं असेल, तर 'काजळमाया' उघडू नये. जी. एं.ना जागा वाचक लागतो. अशा रात्री आधी वाचलेलंच पुस्तक बरं. 'बनगरवाडी' मी अशीच कितीदा तरी वाचली आहे. शेवटी दुष्काळ येणार, वाडी उजाड होणार, हे ठाऊक असतं. तरी त्या तरुण मास्तरामागून चालत जावंसं वाटतं.

मन सैरभैर असेल तर कादंबरी नको. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्यावं. १९५६ सालचं हे पुस्तक महिन्यामहिन्यानं लिहिलेलं आहे. चालू महिना काढायचा, तेवढाच वाचायचा आणि खिडकीबाहेरचं झाड पाहायचं.

याउलट 'बलुतं' मन ताजं असताना वाचावं, असं माझं मत. उदासपणी वाचलं, की दया पवारांचं दुःख बाजूला राहतं आणि आपण आपलंच उगाळत बसतो.

दुःखाची गोष्ट मात्र निराळी. अम्मी गेली तेव्हा चाळिसाव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा होती. मग घर एकदम रिकामं झालं. मन रमावं म्हणून एका मित्रानं विनोदी पुस्तकांचा गठ्ठा आणून दिला. त्याचा हेतू चांगलाच होता, पण मला पानापानाला राग येई. अशात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हाती आली. १८९५ साली पती ख्रिस्ती झाले, काही वर्षं ताटातूट झाली, बाईंनी किती सोसलं! ते त्या लपवत नाहीत आणि सांगता सांगता स्वतःलाच हसतात. वाचताना मी आधी रडलो आणि मग केव्हा हसलो, ते कळलंही नाही.

मयतीच्या घरी आलेलं शहाणं माणूस आल्या आल्या समजूत घालत नाही. आधी शेजारी येऊन बसतं. पुस्तकाचंही तसंच असावं. मन जिथं आहे तिथं त्यानं आधी यावं. हात धरून उठवायचं काम नंतरचं.

मित्राचा तो गठ्ठा मी पुढच्या पावसाळ्यात सोडला. चिं. विं.चा चिमणराव वाचताना इतका मोठ्यानं हसलो, की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.