जुन्या जीपचे मागचे ब्रेक: शू बदलण्याआधी गळती शोधा



आपल्यापैकी काहींकडे अजून जुनी महिंद्रा जीप मालाला चालते. "नवे शू टाकले, तरी महिन्याभरात ब्रेक परत कमी" अशी तक्रार असेल तर अनेकदा दोष शूचा नसतो, गळतीचा असतो. जुन्या मॉडेलमध्ये चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. एक सिलिंडर फुटला तरी पॅडल थेट खाली जातं. भरल्या गाडीने घाट उतरताना हे जिवावर बेतू शकतं.

*गाडी उचलताना*
बऱ्याच जुन्या जीपचा हॅण्डब्रेक चाकात नसून शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की हॅण्डब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका, ॲक्सलखाली घोडी द्या.

*गळती कशी ओळखायची*
▪️ घट्ट, काळपट, उग्र वासाचं ऑइल: ॲक्सलचं ऑइल सील गेलंय.
▪️ पातळ ओल आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली: व्हील सिलिंडर गळतोय. त्याची रबरी टोपी उचलून बघा.
आधी हे दुरुस्त करा, मगच नवे शू. ऑइल प्यायलेले शू पेट्रोलने धुऊन परत लावू नका. गरम झाले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं.

*काम करताना*
१. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा.
२. ॲक्सलच्या टोकाला मोठा नट असेल तर ड्रम पुलरनेच काढा, हातोड्याने ठोकू नका.
३. एका वेळी एकच चाक खोला. स्प्रिंग कुठली कुठे, हे दुसऱ्या चाकावर बघता येतं. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.
४. ड्रम काढलेला असताना पॅडल दाबू नका, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील.
५. शू आणि स्प्रिंगा दोन्ही चाकांच्या एकदमच बदला. एकाच बाजूच्या बदलल्या तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते.
६. ड्रमला तडा असेल तर ड्रम बदलाच.

*ब्रेक ऑइल*
नाव ऑइल असलं तरी यात इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, सीलबंद डब्यातलं घ्या. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो.

*शेवटी*
मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढा. चाक हाताने मोकळं फिरेल इतपत शू ॲडजस्ट करा. पॅडल कडक लागल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. आधी रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक तपासा, नंतरच माल भरा.

सिलिंडर आणि सीलचं काम स्वतःला जमत नसेल तर जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. गावात ज्यांच्याकडे जुनी जीप आहे, त्यांना हा मेसेज जरूर पाठवा.