‘टेन्शन घेऊ नका’ : हे निदान आहे काय?

दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांना व तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. काउंटरवर नोटा मोजताना बोटाला नोट लागते की नाही हेच कळेना. खारघर स्टेशनचा जिना उतरताना पाऊल कुठे पडते याचा अंदाज येईना. एका डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितले, “सर्व नॉर्मल आहे. बँकेतल्या कामाचे टेन्शन असेल.” सात महिने मी टेन्शन कमी करीत बसलो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नादकाटा वाजवून माझ्या घोट्यावर टेकविला व कंप जाणवतो का, असे विचारले. मला काहीच जाणवले नाही. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. मधुमेहासाठी मी कित्येक वर्षे मेटफॉर्मिन घेत होतो आणि त्या गोळीने बी-१२ घटू शकते. इंजेक्शनांनी मुंग्या गेल्या. पायाचा थोडा बधिरपणा मात्र उरला आहे. उपचाराला उशीर झाला की नस पूर्ववत होईलच असे नाही.

म्हणून ताणाचे निदान नेहमी खोटेच, असे कोणी समजू नये. मेंदू व नसा शाबूत असूनही मेंदूचे कामकाज बिघडते व हातपाय खरोखरच चालेनासे होतात. याला फंक्शनल विकार म्हणतात. रुग्ण ढोंग करीत नसतो. याच्या स्वतंत्र खुणा आहेत. एक खूण डॉ. हूवर यांनी १९०८ साली सांगितली : निजलेल्या रुग्णाला दुबळा पाय मुद्दाम खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय जोर लावून उचलायला सांगितला की तोच पाय आपोआप खाली दाबला जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ ने तर या निदानासाठी मानसिक ताण असलाच पाहिजे ही अटही काढून टाकली. तेव्हा नुसता रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून टेन्शन, हा हिशेब जुळत नाही.

काही आजार तर तपासणीच्या वेळी दडी मारतात. मायस्थेनियात सकाळी माणूस ठीक असतो, संध्याकाळी पापण्या मिटू लागतात. सकाळच्या ओपीडीत डॉक्टरांना काय दिसणार?

मुंबईत १९७१ साली डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यानंतर काही रुग्णांचे पाय लुळे पडले. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया व सहकाऱ्यांनी या दोहोंतील संबंध १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पाय गेलेला माणूस काही आठवड्यांपूर्वीच्या डोळ्यांची गोष्ट स्वतःहून कशाला सांगेल? ती विचारावी लागते. न विचारल्यास आपण सांगावी.

यासाठी एक साधी वही ठेवावी. त्रास कधी सुरू झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो, त्याआधी कोणता ताप किंवा जुलाब झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे तारखेसह लिहावे व न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवावे. “ताणाचा विकार आहे” असे ते म्हणाले, तर कोणत्या खुणेवरून, हे नम्रपणे विचारावे. मात्र तोंड एकाएकी वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात लुळा पडला, तर वही घरीच राहू द्यावी आणि तडक इस्पितळ गाठावे.