परदेशस्थ रुग्णाचा सुहृद कोण?

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत आमच्या पुण्याच्या चिकित्सालयात परदेशस्थ रुग्णांची वर्दळ वाढते. परतीचे तिकीट आधीच काढलेले असल्याने औषधे तीन महिन्यांची हवी असतात. अशाच एका तिशीच्या रुग्णेची हकीकत येथे देत आहोत. तीत चूक आमची आहे.

विवाहानंतर ती न्यू जर्सी राज्यात गेली, त्यास डिसेंबर २०२२ मध्ये आठ महिने झाले होते. निद्रानाश, अग्निमांद्य, हृद्द्रव, वजनात घट. शीत-रूक्ष देश पाहता वातप्रकोपाचे निदान सरळ वाटले. आम्ही अभ्यंग सांगितला, अश्वगंधा व ब्राह्मीची योजना केली. पुढील वर्षी ती आली ती अधिक कृश होऊन, आणि निम्म्याहून अधिक औषध तसेच परत घेऊन. “डॉक्टर, तेल लावून तयार तरी कुणासाठी व्हायचं?” एवढेच ती म्हणाली.

तेव्हा कुठे आम्ही तिचा दिवस विचारला. पती आठला बाहेर पडे. येथे बँकेत नोकरी करणाऱ्या तिला एच-४ व्हिसावर तेथे काम करता येत नव्हते. (मे २०१५ पासून अशा काही जोडीदारांना परवानगी मिळते, परंतु पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज त्या टप्प्यावर पोचला नव्हता.) गाडी चालविता येत नसे. हिवाळ्यात साडेचारलाच सूर्य मावळे. दुपारी दोनला मन सर्वाधिक खचे, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असत. आईला उठवावे कसे? सकाळी ती फोन करी तेव्हा येथे दिवेलागणीस सारे घर जमलेले असे. त्यांना ती “मजेत आहे” असेच सांगे.

रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादास अग्रस्थान दिले, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. उन्मादचिकित्सेत सुहृदाने रुग्णास आश्वासन द्यावे, असेही ते सांगतात. तो सुहृद आम्ही गृहीतच धरला होता.

महाराष्ट्र मंडळात जाण्याचे आम्ही सुचविले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मंडळे तेथे अनेक आहेत व नवागतांना त्यांचा मोठा आधार असतो. तिने मात्र नकार दिला. तेथे सारे पतीच्या ओळखीचे. सुनेला करमत नाही, ही वार्ता सासरी पोचावयास कितीसा वेळ! अखेर घरापासून चालत जाण्याजोग्या सार्वजनिक वाचनालयातील विनामूल्य इंग्रजी संभाषणवर्ग तिने निवडला. तेथे एक गुजराती आजीबाई भेटल्या. दोघी दुपारी दोनलाच फिरावयास जाऊ लागल्या. वसंत ऋतूपर्यंत झोप सुधारली. औषधेही ती नियमाने घेऊ लागली.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. परदेशी नेण्याच्या गाठोड्यात घटकद्रव्यांची यादी व देयक अवश्य द्यावे, आणि तेथील डॉक्टरांस ती दाखविण्यास सांगावे. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तेथे आपल्या औषधांकडे संशयाने पाहिले जाते, आणि रुग्ण ती लपवितात. आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्यास तर आपल्या पुढील फोनची वाट पाहावयास लावू नये. अमेरिकेत जुलै २०२२ पासून त्यासाठी ९८८ हा क्रमांक आहे. तो आम्ही चिठ्ठीवरच लिहून देतो.

आमच्या रुग्णपत्रकात आता आहार-विहारानंतर एक रकाना वाढला आहे: ‘चालत जाऊन भेटता येईल असे कोण आहे?’ येथे बरेच जण पतीचे वा पत्नीचे नाव सांगतात. आम्ही दुसरे नाव विचारतो.