तांत्रिक ऋण

तांत्रिक ऋण : संगणकाची आज्ञावली ठरलेल्या मुदतीत पुरी करण्यासाठी तिची रचना, चाचणी वा लेखी नोंदी यांत राहू दिलेली उणीव आणि तीमुळे पुढील प्रत्येक फेरफारावर पडणारा जादा श्रमांचा भार. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन आज्ञावलीकारांनी १९९२ मध्ये एका गुंतवणूक-व्यवस्थापन प्रणालीच्या अनुभवकथनात हे रूपक योजिले.

कर्जाऊ भांडवलावर व्यापार लवकर उभा राहतो, त्याप्रमाणे अपुऱ्या आकलनावर लिहिलेली आज्ञावली लवकर वापरात येते व तीवरून गरजेचे खरे स्वरूप कळते. हे ऋण पुनर्लेखनाने वेळीच फेडल्यास हितावह ठरते. न फेडल्यास सदोष भाग सांभाळून काम करण्यात जाणारा वेळ हेच त्याचे व्याज होय. निष्काळजी लेखनाचे समर्थन हा या रूपकाचा हेतू नव्हता, असे कनिंगहॅम यांनी २००९ मध्ये स्पष्ट केले.

मुदत आणि मनुष्यबळ : मुदत टळू लागताच माणसे वाढविण्याचा उपाय सहसा निष्फळ ठरतो. आयबीएम कंपनीच्या ‘सिस्टिम/३६०’ संगणकाच्या नियंत्रक आज्ञावलीचे काम सांभाळणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी द मिथिकल मॅन-मंथ (१९७५) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, रेंगाळलेल्या प्रकल्पात माणसे वाढविल्यास तो अधिकच रेंगाळतो. नवागतांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय ५ जणांत परस्परसंपर्काच्या १० जोड्या असतात, तर १० जणांत ४५ होतात.

विश्वास : तांत्रिक ऋण हिशेबवहीत दिसत नाही, ते प्रथम आज्ञावलीकारासच जाणवते. त्याने दिलेला अंदाज व्यवस्थापकाने वचन मानला किंवा परस्पर कमी केला, तर उणिवा लपविण्याची प्रवृत्ती बळावते. उलटपक्षी, प्रत्येक अंदाज फुगवून सांगितल्यास व्यवस्थापकाचा विश्वास उडतो. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या औपचारिक तपासणीच्या पद्धतीत सहकारी मिळून आज्ञावलीतील दोष शोधतात. अशी तपासणी माणसाची नसून कामाची आहे, ही खात्री असेल तरच ती फलदायी होते.

परिणाम : नाइट कॅपिटल या अमेरिकन रोखेव्यवहार कंपनीची घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २००३ पासून वापरात नसलेला एक भाग तिच्या आज्ञावलीत तसाच राहिला होता. २००५ मध्ये त्याच्याशी निगडित फेरफार झाला, पण त्याची पुन्हा चाचणी झाली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणाऱ्या बाजारयोजनेसाठी नवी आज्ञावली ८ पैकी ७ संगणकांवरच चढविली गेली व हे काम दुसऱ्या कोणी तपासले नाही. आठव्या संगणकावर तो जुना भाग जागृत होऊन सु. ४५ मिनिटे अनावश्यक खरेदी-विक्री होत राहिली. कंपनीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला व २०१३ मध्ये तिचे दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण झाले.

उपाय : निरुपयोगी भाग काढून टाकणे, स्वयंचलित चाचण्या, घेतलेल्या ऋणाची उघड नोंद व प्रत्येक कार्यचक्रात परतफेडीसाठी राखून ठेवलेला वेळ हे प्रमुख उपाय होत. मुदत अटळ असल्यास गुणवत्तेऐवजी कामाची व्याप्ती कमी करणे श्रेयस्कर ठरते. कारण वगळलेले काम सर्वांस दिसते, घटलेली गुणवत्ता मात्र दिसत नाही.